वृत्तपत्रांतील मुद्रितशोधन व वृत्तशुद्धि : वऱ्हाडांतील संग्राहकांच्या दृष्टीनें

१

इतिहाससंशोधनास वाहिलेल्या त्रैमासिकांत चालू वृत्तपत्रांची चिकित्सा कशासाठीं, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर एवढेंच कीं, आजचें वृत्तपत्र हें उद्यांचें साधन आहे. ८ ऑगस्ट १९४७ रोजीं झालेल्या अकोला कराराचा, किंवा १ नोव्हेंबर १९५६ रोजीं वऱ्हाड मुंबई राज्यांत आला त्या घडामोडीचा ज्यास अभ्यास करावयाचा आहे, त्यास तत्कालीन वृत्तपत्रें चाळल्यावांचून गत्यंतर नाहीं. अमरावतीचा 'उदय', अकोल्याची 'मातृभूमि', डॉ. पंजाबराव देशमुख यांचा 'महाराष्ट्र केसरी' यांचे सुटे अंक आमच्या वाचकांपैकीं अनेकांनीं पोथ्यांप्रमाणें फडक्यांत बांधून ठेविले आहेत, ते कांहीं केवळ जुन्या कागदाच्या मोहानें नव्हे. त्यांतील मजकूर विश्वसनीय आहे, निदान त्याची विश्वसनीयता तपासून पाहतां येते, या भरंवशावर ते ठेविले आहेत. आज अमरावती व अकोला येथें रोज वांचल्या जाणाऱ्या पत्रांचे अंक आणखी पन्नास वर्षांनीं याच भरंवशानें कोणास उघडतां येतील काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. आमचें उत्तर प्रतिकूल आहे. आणि तें आम्हांस आमच्याच एका चुकीवरून सुचलें असल्यामुळें ती चूक प्रथम सांगणें उचित होईल.

या त्रैमासिकाच्या एका मागील अंकांत अकोला जिल्ह्यांतील एका बारवेच्या शिलालेखावर आमचें टिपण प्रसिद्ध झालें होतें. रस्ता रुंद करतांना बारव बुजविण्यांत आली व शिला फुटली. आम्ही तेथें पोंचलों त्या वेळीं तिचे तुकडेहि उरले नव्हते. हातीं होतें तें एका वृत्तपत्राच्या जिल्हा-पुरवणीचें कात्रण. त्यांत लेखाचा शक १६५४ असा छापलेला होता. शके १६५४ म्हणजे इसवी सन १७३२-३३. साखरखेर्ड्याची लढाई १७२४ सालीं झाली, तींत मुबारिझखान पडला व निजामाचें आसन दक्षिणेंत स्थिर झालें; अर्थात् ही बारव निजामी अंमल बसल्यानंतरची, असें धरून आम्हीं बांधणाराची पदवी व गांवच्या वतनाचे कागद यांची सांगड घातली. टिपण छापून आलें. पुढें दोन वर्षांनीं मूर्तिजापुराकडील एका वृद्ध संग्राहकांनीं आपल्या दप्तरांतून त्याच शिलेचा शाईचा ठसा आम्हांस पाठविला. त्यावर शक स्वच्छ १६४५ असून पुढें शोभकृत् नाम संवत्सर अशीं अक्षरें होतीं. शके १६४५ म्हणजे १७२३-२४, लढाईच्या आधींचें वर्ष. आमचा निम्मा युक्तिवाद त्या एका ठशानें कोसळला.

शेजारचे दोन आंकडे उलटे पडले म्हणजे येणारा फरक नऊनें निःशेष भागला जातो, हें प्रत्येक जुन्या मुनिमास ठाऊक असतें. येथें फरक नऊच आहे. संवत्सराचें नांव बातमींत असतें तर चूक तेथल्या तेथें उघडी पडली असती, कारण शके १६५४ चा संवत्सर परिधावी होय, शोभकृत् नव्हे. जुन्या लोकांनीं शकासमवेत संवत्सर, मास, तिथि व वार खोदण्याची रीत ठेविली ती शोभेसाठीं नव्हे. एका अंगानें दुसऱ्याची साक्ष पटावी म्हणून. बातमी देणारानें किंवा ती कापणारानें संवत्सराचें नांव निरुपयोगी समजून गाळलें आणि त्याबरोबर चूक पकडण्याचें साधनहि नाहींसें केलें. दोष आम्ही कात्रणावर ढकलीत नाहीं. एकाच साक्षीवर भिस्त ठेवणें हा आमचा प्रमाद होता. परंतु तो ठसा दप्तरांत नसता, तर खोटा शक हाच त्या बारवेचा कायमचा शक झाला असता, ही गोष्ट आम्हांस अजून स्वस्थ बसूं देत नाहीं.

२

वृत्त कसें मिळवावें व कसें लिहावें, याचा धडा वऱ्हाडास बाहेरून घ्यावा लागत नाहीं. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ जो लीळाचरित्र, तो अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यांतील रिद्धपुरीं शके १२०० च्या सुमारास सिद्ध झाला. म्हाइंभटांनीं चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या त्या ज्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें वा ऐकिलें त्यांच्याकडे स्वतः जाऊन, आणि मिळालेलें नागदेवाचार्यांकडून पारखून घेऊन. कोणाचें वाक्य, कोणत्या स्थळीं, कोणापुढें उच्चारलें गेलें, याची त्यांनीं विचारपूस केली. पुढें मूळ पोथी नष्ट झाल्यावर पंथीयांनीं स्मरणावरून ग्रंथ पुन्हां जुळविला, तेव्हां ज्या ठिकाणीं आठवणी जुळेनात त्या ठिकाणीं एकच पाठ खरा म्हणून दडपून दिला नाहीं. अमक्याचा शोध असा, एकी वासना अशी, म्हणून भेद नोंदवून ठेविले. डॉ. वि. भि. कोलते यांची १९७८ ची आवृत्ति ज्यांनीं चाळली आहे, त्यांस हे भेद पानोपानीं दिसले असतील. आजच्या भाषेंत सांगावयाचें तर, म्हाइंभट हे वऱ्हाडचे आद्य वार्ताहर, आणि ज्यांनीं वासना टिपल्या ते आद्य संपादक.

पोथ्या उतरविणारे लेखक यापेक्षां खालच्या पायरीवर असत. जसें पाहिलें तसें लिहिलें, शुद्ध असो वा अशुद्ध, दोष आम्हांकडे नाहीं, अशा अर्थाचा श्लोक पोथीच्या शेवटीं लिहून ते मोकळे होत. तरीहि चुकलेलें अक्षर हरताळ लावून पुसणें, गळलेला शब्द समासांत लिहून त्याची जागा काकपदानें दाखविणें, हीं कामें त्यांतील चांगले लेखक करीत. आमच्या संग्रहांतील पोथ्यांचे पिवळे डाग हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे शिक्के आहेत. ज्या पोथींत एकहि हरताळ नाहीं ती निर्दोष असते असें नव्हे. बहुधा ती कोणीं पुन्हां वांचलेलीच नसते.

मुद्रणकला आली तेव्हां ही जबाबदारी विभागली गेली. ६ जानेवारी १८३२ रोजीं बाळशास्त्री जांभेकरांनीं 'दर्पण' काढला तेव्हांपासून पुढें दीडशें वर्षें मराठी पत्राचा प्रत्येक शब्द निदान तीन डोळ्यांखालून जात असे : लिहिणाराच्या, खिळे जुळविणाराच्या आणि मुद्रितशोधकाच्या. गॅलीचें प्रुफ निघे. एक जण मूळ प्रत मोठ्यानें वाची, दुसरा प्रुफावर बोट ठेवून ऐके. दुरुस्त्या झाल्यावर पानाचें प्रुफ पुन्हां तपासलें जाई. जावजी दादाजींनीं १८६९ सालीं स्थापिलेल्या निर्णयसागर छापखान्याचें नांव काशीपर्यंत झालें तें टाइपाच्या सौंदर्याइतकेंच पणशीकरशास्त्र्यांसारख्या शोधकांच्या दृष्टीमुळें. शोधन ही मजुरी नसून विद्या आहे, असें त्या काळीं मानलें जाई. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यानें संपादक व बातमीदार यांच्याबरोबर मुद्रितशोधकाचीहि गणना पत्रकारांत केली होती, हें आज पुष्कळांच्या स्मरणांत नसेल.

३

एका शब्दाची किंमत काय असते, याचें उदाहरण अमरावतीनेंच दिलेलें आहे. येथील किंग एडवर्ड महाविद्यालयांत संस्कृत शिकविणारे डॉ. हीरालाल जैन यांनीं कारंज्याच्या भांडारांतील अपभ्रंश ग्रंथ प्रकाशांत आणले, आणि १९३९ सालीं षट्खंडागमाचा पहिला भाग धवला टीकेसह अमरावतीहून प्रसिद्ध केला. मूळ ताडपत्रें दक्षिणेंत मूडबिद्रीस. संपादकांच्या हातीं होत्या त्या नकलांच्या नकला. सत्प्ररूपणेच्या त्र्याण्णवाव्या सूत्रांत 'संजद', म्हणजे संयत, हा शब्द या प्रतींत नव्हता. परंतु पुढील टीकेचा ओघ पाहतां तो असला पाहिजे असें संपादकांस वाटलें. त्यांनीं काय केलें? शब्द गुपचूप सूत्रांत घुसडला नाहीं, आणि शंका गुपचूप गिळलीहि नाहीं. प्रतींत आढळला तसा पाठ छापून खालीं टीप दिली. स्त्रियांच्या संयमाधिकाराचा प्रश्न त्या तीन अक्षरांवर अवलंबून असल्यामुळें मोठा वाद माजला. पुढें मूडबिद्रीचें ताडपत्र पाहिलें गेलें तेव्हां तो शब्द तेथें सांपडला.

या प्रकरणांत दोन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. एका नकलनविसाच्या डोळ्यास चुकलेला शब्द शेंकडों वर्षांच्या आचारविचारांवर परिणाम करूं शकतो, ही पहिली. पाठ व तर्क निरनिराळे ठेविले तर चूक दुरुस्त होण्यास वाट राहते, ही दुसरी. इंद्रशत्रु या शब्दाचा स्वर चुकल्यामुळें यज्ञ करविणाराचाच घात झाला, ही कथा व्याकरणाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास आरंभींच सांगतात. ती कथा आजच्या वार्ताहरास जुनाट वाटेल. परंतु 'जामीन नामंजूर' यांतील 'ना' गळला, किंवा फिर्यादीचें नांव आरोपीच्या जागीं पडलें, म्हणजे एखाद्या कुटुंबावर काय प्रसंग ओढवतो, हें ज्यानें आपल्या गल्लींत पाहिलें आहे त्यास ती जुनाट वाटणार नाहीं.

४

आतां प्रस्तुत स्थितीकडे वळूं. आम्हीं अमरावती व अकोला येथें मिळणाऱ्या पत्रांच्या जिल्हा-पुरवण्या कांहीं काळ पोथ्यांप्रमाणें ताडून पाहिल्या. कोणत्याहि एका पत्राचें नांव आम्ही घेत नाहीं, कारण दोष एकाचा नाहीं. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनीं अनुच्चारित अनुस्वार गेले, त्यांस आम्ही चूक समजत नाहीं. आम्ही स्वतः जुन्या वळणाचें लिहितों ती आमची संवय आहे, नियम नव्हे. येथें विचार आहे तो ज्या चुकांनीं अर्थ किंवा वस्तुस्थिति बदलते त्यांचा.

पहिला वर्ग लिपिदोषांचा. पूर्वींच्या संगणकी टाइपांत देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या स्थानीं बसविलेले असत. तो मजकूर युनिकोडांत उतरवितांना पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, रफार एक घर मागें वा पुढें सरकतो, जोडाक्षर फुटतें. आमच्या प्रांताचें नांवच यांत सर्वांत अधिक विटंबिलें जातें. 'वऱ्हाड' यांतील रकारासाठीं संगणकावर खालीं बिंदु असलेला निराळा ऱ योजावा लागतो. तो न योजल्यास रफार होऊन 'वर्हाड' असें भलतेंच रूप उमटतें. वऱ्हाडांत छापलेल्या वा वांचल्या जाणाऱ्या पत्रानें वऱ्हाडाचें नांव अशुद्ध छापावें, आणि तें कोणास खटकूं नये, ही स्थिति शोधकाच्या अभावाची पुरेशी साक्ष आहे.

दुसरा वर्ग स्थळनामांचा, आणि संशोधकास हाच सर्वांत घातक. अमरावती जिल्ह्यांत चांदूर बाजार व चांदूर रेल्वे हीं दोन निराळीं गांवें. बातमींत नुसतें 'चांदूर'. नांदगांव खंडेश्वर व नांदगांव पेठ यांची तीच गत. १८०३ च्या ३० डिसेंबरास शिंद्यांशीं तह झाला तें अंजनगांव सुर्जी. बडनेऱ्याकडील अंजनगांव बारीशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. पण पुरवणींत केवळ 'अंजनगांव' असलें म्हणजे पन्नास वर्षांनंतरच्या वाचकानें काय समजावें? अकोला, अकोट आणि नगर जिल्ह्यांतील अकोले यांची सरमिसळ आम्हांस एकाहून अधिक वेळां आढळली. १८०३ च्या नोव्हेंबरांतील लढाईचें आमच्या तेल्हारा तालुक्यांतील आडगांव इंग्रजी कागदांत 'आर्गाम' म्हणून येतें. इंग्रजीवरून भाषांतर करणारा त्यास नवें गांव समजून तसेंच उतरवितो, आणि वऱ्हाडांतील एक प्रसिद्ध रणक्षेत्र वऱ्हाडच्याच वाचकास परकें होतें.

स्थळाबरोबर काळहि पाहिला पाहिजे. १ जुलै १९९८ रोजीं वाशीम जिल्हा अकोल्यापासून निराळा झाला. त्यापूर्वींच्या अंकांत कारंजा अकोला जिल्ह्यांत आहे तें बरोबर. जुनी माहिती तशीच उचलून आजच्या बातमींत कारंजा अकोला जिल्ह्यांत घालणें ही चूक. उलट आजचा जिल्हा जुन्या घटनेस लावून 'वाशीम जिल्ह्यांत १९४२ सालीं' असें लिहिणें हाहि कालविपर्यासच.

तिसरा वर्ग संख्यांचा. परदेशच्या बातमींतील दहा लाखांचें एक लाख होतें, अब्जाचें कोटी होतें. शक, फसली, हिजरी व इसवी सन यांतील भेद तर पुसलाच जातो. चौथा वर्ग साक्षीच्या अभावाचा. 'असें समजतें', 'सूत्रांच्या माहितीनुसार', 'अशी चर्चा आहे', या शब्दांनीं सुरू होणारा मजकूर शेवटपर्यंत कोणाच्याहि तोंडीं जात नाहीं. सभेस न गेलेला वार्ताहर सभेचें वृत्त देतो. संयोजकांनीं आधल्या दिवशीं पाठविलेलें पत्रक तें वृत्त म्हणून छापलें जातें, आणि जो वक्ता आजारीपणामुळें आलाच नाहीं त्याच्या भाषणाचा सारांशहि त्यांत असतो. म्हाइंभटांच्या जिल्ह्यांत हें घडावें याचें आम्हांस विशेष वाईट वाटतें.

५

येथें पाठचिकित्सेचा एक सिद्धांत आमच्या वाचकांच्या उपयोगी पडेल. डॉ. सु. मं. कत्रे यांनीं १९४१ सालीं भारतीय पाठचिकित्सेवर ग्रंथ लिहिला, तसेंच भांडारकर संस्थेंत डॉ. सुखटणकरांनीं १९३३ सालीं महाभारताचें आदिपर्व संशोधून पुरें केलें. या दोन्ही कामांच्या मुळाशीं असलेलें एक तत्त्व असें कीं, समान दोष समान मूळ दाखवितात. पांच पोथ्यांत एकच विचित्र चूक असेल तर त्या पांच साक्षी नसून एकाच पोथीचीं पांच लेंकरें होत. हीच कसोटी वृत्तपत्रांस लावावी. एकाच सकाळीं पांच पत्रांत एकच बातमी, तेंच चुकलेलें आडनांव, तोच चुकलेला आंकडा आढळला, तर पांच वार्ताहरांनीं ती मिळविली असें समजूं नये. एका पत्रकाची वा एका निरोपाची ती पांच वेळां उतरलेली नकल होय. आज तोच मजकूर हातांतल्या दूरध्वनीवरून क्षणांत शेंकडों ठिकाणीं जातो. त्यामुळें साक्षींची संख्या वाढल्याचा भास होतो, प्रत्यक्षांत ती एकच राहते. बहुमतानें पाठ ठरविणारा संपादक जसा फसतो, तसाच कात्रणें मोजून सत्य ठरविणारा संशोधक फसेल.

६

या ऱ्हासाचीं कारणें शोधतांना वार्ताहरास बोल लावून थांबणें अन्यायाचें होईल. गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत खिळ्यांची जुळणी जाऊन संगणकाची जुळणी आली. तींत जुळारी गेला हें अपरिहार्य होतें. पण त्याच्या पाठोपाठ मुद्रितशोधकहि गेला, तें अपरिहार्य नव्हतें. लिहिणारानेंच टंकन करावें, त्यानेंच तपासावें, त्यानेंच पान लावावें, अशी व्यवस्था झाली. स्वतःचें लेखन तपासतांना डोळा काय लिहिलें आहे तें न पाहतां काय लिहावयाचें होतें तें पाहतो. म्हणून शोधक दुसराच असावा लागतो. तालुक्याचा वार्ताहर बहुधा दुसऱ्या कांहीं व्यवसायावर पोट भरतो. त्याजकडून जाहिराती मिळविण्याचीहि अपेक्षा असते. आणि बातमी इतरांच्या आधीं पोंचली पाहिजे हा तगादा निराळाच. अशा माणसाकडून दोन साक्षीदारांस भेटून लिहिण्याची अपेक्षा करणारानें त्यास तेवढा वेळ व मोबदला दिला पाहिजे.

हा रोग केवळ आमचा नाहीं. न्यूयॉर्कच्या 'टाइम्स' पत्रानें २०१७ सालीं आपला स्वतंत्र प्रतसंपादन-विभाग बंद केला, तेव्हां तेथेंहि असाच आक्षेप घेतला गेला. उलट बाजूस, लंडनच्या 'गार्डियन' पत्रानें १९९७ सालीं वाचकांच्या तक्रारींसाठीं स्वतंत्र संपादक नेमून रोजच्या चुकांचें सदर सुरू केलें, आणि भारतांत मद्रासच्या 'हिंदू' पत्रानें २००६ सालीं तोच मार्ग धरला. म्हणजे यंत्र एकच असतांहि निश्चय निराळा असूं शकतो.

७

आमच्यावर एक आक्षेप येईल, व तो योग्य आहे. जुनीं पत्रें तरी कोठें निर्दोष होतीं? मुळींच नव्हतीं. आमच्या संग्रहांतील जुन्या अंकांत उलटे पडलेले खिळे आहेत, चुकलेल्या तिथि आहेत, पक्षाभिमानानें वांकविलेलीं वृत्तेंहि आहेत. आमच्या संशोधकांचेंहि तसेंच. मोडीच्या वाचनांत थोरथोर चुकले आहेत, आणि आमची स्वतःची कथा वर दिलीच आहे. तेव्हां पूर्वीं सत्ययुग होतें व आतां कलि आला, असा आमचा पक्ष नाहीं.

भेद आहे तो चुकीनंतरच्या वर्तनांत. जुन्या ग्रंथाच्या शेवटीं शुद्धिपत्र असे. जुन्या पत्रांत चूकदुरुस्ती येई, कधीं उशिरां, कधीं कोपऱ्यांत, पण येई. त्यामुळें पुढचा वाचक दोन्ही अंक जुळवून सत्यापर्यंत पोंचूं शके. आज छापील अंकांतील चूक तशीच राहते, आणि पडद्यावरील मजकूर कोणासहि न कळवितां बदलला जातो. काल वांचलेलें वाक्य आज तेथें नसतें. तें कधीं होतें याचीहि खूण उरत नाहीं. हरताळाचा डाग दिसत असे. हा डाग दिसत नाहीं. संशोधकाच्या दृष्टीनें न दुरुस्तलेली चूक बरी, कारण तिचा मागोवा घेतां येतो. खूण न ठेवतां केलेली दुरुस्ती ही साधनाचा नाश होय.

८

आतां कर्तव्य काय तें थोडक्यांत सांगतों. संपादकांपुढें आमच्या तीनच विनंत्या आहेत. पुरवणी छापण्यापूर्वीं निदान नांवें, आंकडे व तारखा एकानें मोठ्यानें वाचाव्या व दुसऱ्यानें ताडाव्या. यास अर्ध्या घटकेहून अधिक वेळ लागत नाहीं. आपल्या जिल्ह्यांतील गांवांची शुद्ध व पूर्ण नांवांची यादी प्रत्येक वार्ताहरापाशीं असावी. आणि चूक झाल्यास ती ज्या पानावर झाली त्याच पानावर, तारखेचा उल्लेख करून दुरुस्त करावी. पडद्यावरील मजकुरांतहि कोणत्या दिवशीं काय बदललें तें खालीं नमूद करावें. रिद्धपुरीं आतां मराठी भाषेचें विद्यापीठ सुरू झालें आहे, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीस अभिजात भाषेचा मान मिळाला आहे. त्या मानास शोभेल असें एक काम त्या विद्यापीठानें करावें : मुद्रितशोधनाचा रीतसर अभ्यासक्रम काढावा, व त्यांत लीळाचरित्राच्या पाठभेदांपासून आजच्या पुरवणीपर्यंतचीं उदाहरणें शिकवावीं. त्यासाठीं सामग्री दारांतच आहे.

आमच्या संग्राहक बंधूंस सांगणें तें असें. कात्रण कापतांना पत्राचें नांव, तारीख, आवृत्ति व पृष्ठ हीं त्याच्या पाठीवर नव्हे तर सोबतच्या चिठीवर लिहावीं, कारण पाठीवरील मजकूरहि कोणास हवा असतो. पुढील आठवड्याचे अंक चूकदुरुस्तीसाठीं पाहिल्याखेरीज कात्रण पक्कें समजूं नये. पडद्यावरील बातमी ठेवावयाची असल्यास ती पाहिल्याचा दिवस व वेळ यांसह छापून घ्यावी. चूक दिसली तरी मूळ मजकूर खोडूं नये. आपली दुरुस्ती कंसांत व आपल्या नांवानें द्यावी. आणि जेथें जेथें शिला, ताम्रपट किंवा पोथी अद्याप हयात आहे, तेथें बातमीवर न थांबतां स्वतः जावें, ठसा घ्यावा, छायाचित्र घ्यावें, व एक प्रत या मंडळाकडे पाठवावी. बारव बुजली म्हणजे मग केवळ पुरवणी उरते.

शेवटीं आमचें स्वतःचें देणें. वर सांगितलेल्या टिपणांत आम्हीं त्या बारवेचा शक दिला तेथें '१६५४' ऐवजीं '१६४५, शोभकृत् नाम संवत्सर' असें वाचावें. इसवी सन '१७३२-३३' ऐवजीं '१७२३-२४' असा घ्यावा. आणि निजामी अंमलाविषयींचें आमचें अनुमान रद्द समजावें. ज्यांच्यापाशीं तो अंक असेल त्यांनीं त्या पानाच्या समासांत ही दुरुस्ती आजच्या तारखेसह लिहून ठेवावी, अशी त्यांस विनंती आहे.